सहादूभाऊंची बुडी आणि नवसाबाईंचा दिवा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात सहादूभाऊ माळोदे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. १९७० साली लागले आणि २००४ साली निवृत्त झाले. एवढ्या काळात प्रोफेसर बदलले, प्राचार्य बदलले, मुलं तर दर जूनला नवी. पण कुठल्या तराजूचा काटा डावीकडं ओढतो आणि कुठलं स्टॉपवॉच दाबल्यावर आधी क्षणभर विचार करतं आणि मग चालू होतं, हे फक्त सहादूभाऊंना ठाऊक असायचं. मुलांची जर्नलं सरांकडं जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायची. एखाद्यानं नुसतं 'चाळीस' लिहिलं असेल, सेंटिमीटर की सेकंद ते लिहिलं नसेल, तर सहादूभाऊ जर्नल मिटून त्याच्या हातात परत द्यायचे.

"चाळीस काय? वांगी?"

एवढंच विचारायचे. तो मुलगा पुन्हा जन्मात एकक विसरायचा नाही.

स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पण सगळं आयुष्य उपकरणांच्या संगतीत गेलेलं. जे मोजता येतं ते आहे, आणि जे मोजता येत नाही ते अजून मोजायचं राहिलंय, असं त्यांचं साधं मत होतं. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. भेट झाली नव्हती, इतकंच.

त्यांच्या पत्नीचं सगळं उलट. वणीच्या देवीला नवस बोलल्यावर झालेली मुलगी, म्हणून आईबापांनी नावच नवसाबाई ठेवलेलं. मखमलाबादला माळोद्यांचा दीड एकर झेंडूचा मळा, तो नवसाबाईच बघायच्या. पहाटे पाचला अंघोळ करून त्या देवीच्या तसबिरीपुढं दिवा लावायच्या आणि स्वतःच जुळवलेलं एक गाणं म्हणायच्या. गाण्याला चाल होती, फक्त ती रोज वेगळी असायची. नेमक्या त्याच वेळी सहादूभाऊ ओट्यावर आरसा टेकवून दाढी करायला बसायचे.

"नवसा, आज देवीनं काय गुन्हा केलाय?" ते तोंडाला फेस लावून विचारायचे.

"तुम्ही तुमचा गाल सांभाळा," आतून उत्तर यायचं, तेही गाण्याच्याच चालीवर.

सत्तावीस वर्षं घर असं चाललं होतं. ते बिघडलं रहाडीमुळं.

नाशिककराला रहाड समजावून सांगावी लागत नाही, बाहेरच्यांसाठी दोन शब्द. जुन्या नाशकातल्या काही चौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, पुरुषभर खोल. वर्षभर ते लाकडं आणि माती टाकून झाकलेले असतात. वरून रिक्षा जातात, भाजीवाल्या पाट्या मांडून बसतात. रंगपंचमीच्या आधी ते उकरायचे, धुवायचे, फुलं उकळून काढलेला रंग पाण्यात सोडायचा, पूजा करायची, आणि मग ज्याला हौस असेल त्यानं काठावरून आत उडी घ्यायची. या उडीला धप्पा म्हणतात. धप्पा असा बसला पाहिजे, की आतलं पाणी उसळून काठावर उभ्या असलेल्यांना अंघोळ झाली पाहिजे.

नवसाबाईंचा धाकटा भाऊ बारकू राहायचा त्या आळीत अशी एक रहाड होती. तिचा रंग पिवळा. पळसाची सुकी फुलं सुरगाण्याच्या जीपवाल्याकडून यायची आणि झेंडू यायचा नवसाबाईंच्या मळ्यातून. लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष त्यांनी चुकवलं नव्हतं.

१९९६ च्या रंगपंचमीच्या आठवडाभर आधी झेंडूची पोती उतरवताना बारकू सहादूभाऊंना म्हणाला, "दाजी, तुम्ही कधी बुडी मारली नाय ना? मारून बघा. उन्हाळाभर अंगावर घामोळी उठत नाय."

"पाणी किती गरम असतं?"

"लय गरम."

"लय हे एकक नाही, बारकू."

बारकू हसला आणि विसरून गेला. सहादूभाऊ विसरले नाहीत. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी त्यांनी कॉलेजच्या रजिस्टरात सही करून काचेचा एक लांब थर्मामीटर घरी आणला. पाण्याचं तापमान घ्यायचं, खोली मोजायची, आणि उन्हाळ्यात आळीतल्या वीस जणांची घामोळी बघून यायची, असा त्यांचा बेत होता. बुडी मारायचा बेत अजिबात नव्हता.

रंगपंचमीला दुपारी दोनच्या सुमारास ते रहाडीच्या काठावर उकिडवे बसले आणि थर्मामीटर पाण्यात धरून वाकले. काठ फुलांच्या लगद्यानं निसरडा झालेला. पलीकडून कुणा जाडजूड माणसानं धप्पा मारला. पाण्याची भिंत आली, आणि सहादूभाऊ चष्म्यासह, थर्मामीटरसह, खिशातल्या प्रयोगशाळेच्या किल्ल्यांसह आत गेले.

पहिला क्षण भीतीचा होता. नाकात झेंडू. मग त्यांनी डोळे उघडले, तर सगळं पिवळं. वरून ऊन उतरत होतं ते पिवळं, पायाखाली पिवळं, आणि आवाज कसलाच नाही. आपला हात कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं ते त्यांना समजेना, आणि गंमत म्हणजे समजून घ्यावंसंही वाटेना. लहानपणी आई अंगावर पाणी ओतायची तो तांब्या, कॉलेजचे प्राचार्य, सुरगाण्याचा जीपवाला, मागच्या वर्षी मेलेली म्हैस, अजून न झालेली नातवंडं, सगळे तिथंच होते आणि एकही परका नव्हता. कुणीतरी हसत होतं. सहादूभाऊ ते हसणं ऐकत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हसणारा दुसरा कुणी नाही. आपण म्हणजेच ते हसू आहे, आणि ते आधीपासून चालू आहे.

मग बारकूनं त्यांना काखेत हात घालून वर ओढलं.

"नऊ आकडे झाले, दाजी. मी मोजत होतो. घाबरलात का?"

सहादूभाऊंच्या मते एक आख्खी दुपार गेली होती. त्यांनी बारकूला मिठी मारली. बारकूच्या शेजारच्याला मारली. ज्यानं धप्पा मारला त्या जाड माणसाचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "काय सुंदर वजन आहे हो तुमचं." चौकात पोलीस उभा होता, त्याला त्यांनी थांबवून सांगितलं, की तुझी शिट्टी मी इतकी वर्षं ऐकतोय, पण आज ऐकू आली. पोलिसानं त्यांच्या तोंडाचा वास घेतला. झेंडूचा आला. त्यानं त्यांना जाऊ दिलं.

घरी पोचले ते नखशिखान्त पिवळे. नवसाबाई ओसरीत गजरे करत बसल्या होत्या, हातात सुई होती.

"नवसा," ते दारातूनच म्हणाले, "अगं, सगळं एकच आहे गं. मी, तू, ही सुई, ती म्हैस. सगळं."

नवसाबाई आधी हसल्या. बारकूनं काहीतरी पाजलं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि सुई खाली ठेवली.

"काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

सहादूभाऊंनी सांगितलं. सांगताना ते तीन वेळा हसले आणि एकदा रडले. थर्मामीटर रहाडीत राहिला हे त्यांना शेवटी आठवलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही. नवसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, उठून हात धुतले आणि भाकऱ्या टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहादूभाऊ फेस लावून ओट्यावर बसले. पाच वाजले. सव्वापाच वाजले. आतून गाणं आलं नाही. फेस वाळायला लागला.

"नवसा, दिव्यातलं तेल संपलं का?"

"नाय."

"मग?"

"मग काय. जिच्यासाठी लावायचा, ती तुमच्याकडं येती. तुम्हीच लावा."

त्यांना वाटलं, थट्टा आहे. तीन दिवस दिवा लागला नाही तेव्हा कळलं, की नाही. त्या तीन दिवसांत त्यांनी दोनदा गाल कापून घेतला. वस्तरा तोच, आरसा तोच, उजेड तोच. गाणं नव्हतं.

चौथ्या दिवशी मळ्यात पाणी सोडताना त्यांनी विषय काढला. नवसाबाई वाफ्याच्या कडेला बसल्या, आणि जे त्यांनी सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"मी नवसाची. दर चैत्रात पायी गडावर जाती. माझ्या शेजारी बाया घुमत्यात, कुणाला रडू येतं, कुणाला देवी हसताना दिसती. मला काय होतं माहीत हे? पाय दुखत्यात. एवढी वर्षं मी वाट बघितली. वाटलं, आपलंच काहीतरी कमी पडत असंल. म्हटलं, लावत राहावा दिवा. आणि ती गेली कुणाकडं? जो माणूस तिला गुन्हा विचारतो त्याच्याकडं. तेही तो थर्मामीटर बुडवत होता तवा."

"अगं, ती देवी नव्हती."

"तुम्हाला काय ठाऊक? तुमची तर वळख पण नाय."

विहिरीवर जिथं मोटेचं पाणी पडायचं त्या जुन्या थारोळ्यावर बसून सहादूभाऊंनी बराच विचार केला, आणि त्यांना आपली परिस्थिती कळली. देवीनं नवसाबाईंना डावललं असं नवसाबाईंना वाटत होतं. तेव्हा जे झालं त्याचं साधं, शरीरातलं कारण सापडलं, तर देवीवरचा आरोप आपोआप गळून पडेल आणि घरात दिवा लागेल. म्हणजे बायकोची श्रद्धा परत आणायला विज्ञानच कामाला लावायला हवं. आयुष्यात पहिल्यांदाच ते देवीच्या बाजूनं उभे राहिले.

त्यांनी नवी वही उघडली. पहिल्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान अशी शीर्षकं आखली.

पहिलं अनुमान, श्वास कोंडल्यामुळं रक्तातला प्राणवायू कमी झाला आणि डोकं हलकं झालं. हे त्यांनी मोठ्या आनंदानं नवसाबाईंना सांगितलं.

"बारकू पंचवीस वर्षं श्वास कोंडतोय," त्या म्हणाल्या. "त्याला एकदा तरी म्हैस दिसली का?"

सहादूभाऊंनी वहीत लिहिलं, बारकूला विचारणे. बारकूला विचारलं. बारकूला म्हैस दिसली नव्हती.

दुसरं अनुमान, ऊन पाणी. त्यांनी अंगणात पत्र्याचा मोठा ड्रम आणला, त्यात झेंडू उकळून ओतला आणि गळ्यापर्यंत बसले. दर पाच मिनिटांनी नाक धरून खाली जायचे आणि पिवळे होऊन वर यायचे. शेजारच्या वत्सलाबाई कुंपणावरून हा कार्यक्रम बघायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी नवसाबाईंना विचारलं, "काय गं, भाऊंना रंगवून विकायचेत का?" नवसाबाईंना हसू आलं. सहादूभाऊंनी ते ड्रममधून पाहिलं. दिवसभर त्यांना वाटत राहिलं, की उद्या दिवा लागेल. लागला नाही.

तिसरं अनुमान मेंदूचं होतं. मुलगी मनीषा एका दवाखान्यात नर्स होती. तिनं डॉक्टरांना विचारून मेंदूचा आलेख काढायची सोय केली. सहादूभाऊंच्या डोक्याला चिकट मलम लावून वायरी जोडल्या, तेव्हा ते एवढे खूश होते, की तंत्रज्ञाला प्रत्येक वायर कुठं जाते ते विचारत राहिले. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही बोललात की माझी सुई उड्या मारते." आलेख अगदी बिनचूक आला. एकही विचित्र रेघ नाही.

"चांगली बातमी आहे, दादा," मनीषा म्हणाली.

"कसली चांगली? काहीतरी बिघाड निघायला हवा होता. आता तुझ्या आईला काय सांगू?"

मनीषानं हात जोडले. "पुस्तकात असं लिहिलंय, दादा, की मेंदूत काही रसायनं सुटतात आणि माणसाला असं वाटतं."

हेही त्यांनी घरी येऊन सांगितलं. नवसाबाई झेंडू तोडत होत्या.

"रसायन सुटलं तर सुटलं," त्या म्हणाल्या. "मी रडती तवा डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून काय पाण्यामुळं रडती का मी? सोडलं कुणी ते सांगा."

"कुणी नाही. आपोआप."

"मग माझ्यात का नाय सुटलं आपोआप?"

नवसाबाईंनी हातातली पाटी खाली ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "अहो, एक काम करा. खोटं बोला. काहीच झालं नाय म्हणा. पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं, भ्रम झाला. मी मानती. उद्या दिवा लावती."

एवढं सोपं होतं. सहादूभाऊंनी तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांना ते पिवळं आठवलं, आणि चेहऱ्यावर तेच वेडं हसू आलं. ते त्यांना दाबता येईना.

"झालं तर होतं, नवसा," ते म्हणाले. "टपालानं पाकीट यावं तसं काहीतरी आलं हे नक्की. कुणी पाठवलं ते मला माहीत नाही. पण आलंच नाही असं कसं म्हणू?"

नवसाबाईंनी पाटी उचलली आणि पुढच्या वाफ्यात गेल्या.

वर्ष गेलं. चैत्रात नवसाबाई गडावर गेल्या नाहीत. नवरात्रात घट बसला नाही. वत्सलाबाईंनी मोठ्या मनानं विचारलं, की तुमच्याकडं सुतक आहे का. सहादूभाऊ पहाटे दाढी करायचे ती आता रेडिओ लावून. रेडिओवरचे लोक सुरात गात, त्यामुळं त्यांचं लक्ष लागत नसे.

पुढची रंगपंचमी आठवड्यावर आली तेव्हा बारकू टेम्पो घेऊन झेंडू न्यायला मळ्यात आला. नवसाबाई वाटेतच उभ्या राहिल्या.

"फुलं मिळणार नाय."

"आक्का, चेष्टा नको. कढया मांडल्यात."

"चेष्टा नाय. बारक्या, इतकी वर्षं माझी फुलं त्या पाण्यात जात्यात आणि मी काठावर उभी राहून शिंतोडे घेती. या वर्षी मी आत उतरणार. तिला तिथं गाठायचंय मला. तोंडावर विचारायचंय."

"कुणाला?"

"तुला काय करायचंय?"

बारकूनं दाजींकडं पाहिलं. दाजी एका झेंडूकडं बारकाईनं पाहत होते.

"आक्का, आपल्या आळीत बाया उतरत नाय रहाडीत. कधीच नाय उतरल्या."

"मग या वर्षी पांढऱ्या पाण्यात खेळा."

बारकू आळीत गेला. आळीत दोन दिवस चर्चा झाली. वडीलधाऱ्यांनी प्रथा काढली, तरुणांनी झेंडूचा भाव काढला, आणि बायकांनी घराघरांत काय काढलं ते कळलं नाही. तिसऱ्या दिवशी बारकू परत आला आणि म्हणाला, "अडीच ते साडेतीन. फक्त बाया. पुरुष पाठ करून उभे राहतील." नवसाबाईंनी पोती आधीच भरून ठेवली होती.

रहाड उकरली त्या दिवशी तळाच्या गाळात बारकूला थर्मामीटर सापडला. वर्षभर मातीखाली राहूनही काच शाबूत होती. तो त्यानं धावत आणून सहादूभाऊंना दिला.

"घ्या दाजी. बघा, किती गरम होतं तवा."

सहादूभाऊंनी तो पुसून डोळ्यांसमोर धरला. पारा सत्तावीसवर होता.

"हा आत्ताचं सांगतो, बारकू. त्या वेळचं नाही सांगत."

"मग काय उपयोग?"

"तेच बघतोय," सहादूभाऊ म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांना पुन्हा हसू आलं.

रंगपंचमीला बरोबर अडीच वाजता रहाडीभोवती दोऱ्या बांधून त्यांवर साड्या टाकल्या. बाहेर पुरुष पाठ फिरवून रांगेत उभे राहिले. आत पस्तीस-चाळीस बाया जमल्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. गोदावरीत पट्टीची पोहणारी म्हणून लताबाई नावाच्या एका धीट बाईला पाण्यात कोपऱ्याशी उभं केलं होतं, कुणाचं काही झालं तर हात द्यायला. पहिली उडी नवसाबाईंची, असं बायांनीच ठरवलं. फुलं त्यांची होती.

सहादूभाऊ बारकूच्या शेजारी साडीला पाठ लावून उभे होते. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्यात कॉलेजातलं सगळ्यांत खात्रीचं स्टॉपवॉच. सकाळीच पाण्याचं तापमान घेऊन ठेवलं होतं. वही खिशात होती. आज सगळं व्यवस्थित होणार होतं.

"अहो," साडीपलीकडून नवसाबाईंचा आवाज आला. "हेत का तिथं?"

"आहे."

"चालले मी."

आणि धप्पा बसला. असा, की साड्यांवरून पिवळं पाणी येऊन दहा-बारा पुरुषांच्या पाठी भिजल्या. बायांनी ओरडून आळी डोक्यावर घेतली. मग एकदम शांत झालं. त्या शांततेत सहादूभाऊंना जाणवलं, की नवसाबाईंना पोहता येत नाही.

"एकदोनतीनचार," ते म्हणाले.

"दाजी, हळू."

"पाचसहासातआठ."

साडीपलीकडं कुणी बोलत नव्हतं.

"नऊदहाअकराबारा. लताबाई, अहो लताबाई, वर काढा तिला. तेराचौदा."

पाणी फुटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग खोकला. मग हसणं. आधी एका बाईचं, मग दोघींचं, मग सगळ्या रहाडीचं. सहादूभाऊ प्रथा विसरून मागं फिरले आणि साडी बाजूला सारली. नवसाबाई काठाला धरून उभ्या होत्या, डोक्यावर झेंडूची पाकळी, नाकातून पाणी गळत होतं, आणि त्या हसत होत्या. लताबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या, लताबाईला कारण माहीत नसताना लताबाईही हसत होती.

"मागं फिरा, भाऊ," चार जणी ओरडल्या.

ते फिरले. फिरल्यावर हातातल्या स्टॉपवॉचकडं पाहिलं. काटा शून्यावर होता. दाबायचं राहूनच गेलं होतं.

"दाजी," बारकू हळूच म्हणाला, "बस सुटल्यासारखं मोजलंत तुम्ही. सात पण झाले नसतील."

"गप्प बस."

साडेतीनला बाया बाहेर आल्या. नवसाबाई सगळ्यांत शेवटी आल्या, ओल्या पदराचा पिळा हातात धरून.

"काय झालं?" सहादूभाऊंनी विचारलं. वही उघडून धरली होती, पेन्सिल तयार होती.

"नाकात पाणी गेलं."

"आणि?"

"किती आकडे झाले?"

सहादूभाऊंनी बारकूकडं पाहिलं. बारकू आकाशाकडं पाहत होता.

"चौदा," सहादूभाऊ म्हणाले.

नवसाबाई जागच्या जागी थांबल्या. "तुमचे नऊ होते ना?"

"नऊ."

"आणि माझे चौदा."

"चौदा."

चौकापर्यंत जाताना नवसाबाईंनी भेटेल त्या बाईला थांबवून सांगितलं, "यांचे नऊ, माझे चौदा." शिट्टीवाल्या पोलिसालाही सांगितलं. त्यानं काहीही न समजता सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहादूभाऊ रेडिओ न लावता ओट्यावर बसले. फेस लावला. पाच वाजले. आत काडी पेटल्याचा आवाज आला, आणि नवसाबाईंनी गाण्याला सुरुवात केली. चाल कालपरवापर्यंतच्या कुठल्याही चालीशी जुळत नव्हती. सहादूभाऊंनी वस्तरा खाली ठेवला, कारण हात हसत होता.

"काय वो," आतून विचारणा झाली, "आज नाय विचारत, काय गुन्हा केला म्हणून?"

"आज निर्दोष सुटली."

पाण्याखाली काय दिसलं ते नवसाबाईंनी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांनी सुरुवातीला बऱ्याच युक्त्यांनी विचारून पाहिलं. "तुमचं तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत," त्या म्हणायच्या, "माझं माझ्यापाशी राहू द्या." कदाचित देवी दिसली असेल, कदाचित नुसतं पाणी. सहादूभाऊंना दोन्ही पटण्यासारखं होतं, आणि दोन्ही तपासायची सोय नव्हती. मेंदू, रसायन, पाठवणारा, न पाठवणारा, यावर त्यांचे वाद पुढंही होत राहिले, पण आता ते जेवताना व्हायचे आणि दोघांनाही त्यांची भूक लागलेली असायची.

२००४ साली सहादूभाऊ निवृत्त झाले. प्रयोगशाळेतलं सामान नव्या माणसाच्या ताब्यात देताना तो थर्मामीटरही त्यांनी रजिस्टरात सही करून परत केला. घरी कपाट आवरायला मनीषा आली होती. तिला ती जुनी वही सापडली. ड्रमची पानं, आलेखाची पानं, सगळीकडं आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढं व्यवस्थित एकक. शेवटच्या पानावर उद्देश, साहित्य आणि कृती कोरी होती. निरीक्षण या शीर्षकाखाली एकच आकडा होता, चौदा. पुढं काही नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही विसरलात. चौदा काय?"

सहादूभाऊंनी स्वयंपाकघराकडं एक नजर टाकली. नवसाबाई आत गुणगुणत होत्या.

"वांगी," ते म्हणाले, आणि वही तिच्या हातातून काढून घेतली.